ऑक्सिजन ९१ दिसतोय, मग पेशंट गुंगीत का? घरच्या बायपॅपबद्दल गावाकडच्या घरांसाठी

कोविडच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गावोगाव पोचलं आणि त्यावरचा आकडा म्हणजेच फुप्फुसाची तब्येत, असं सगळ्यांनी धरून टाकलं. आकडा ९१ दिसला की घरचे निर्धास्त. इकडे जुन्या दम्याचा पेशंट मात्र सकाळी डोकं धरून उठतो, दुपारी खाटेवर बसल्या बसल्या पेंगतो, बोलता बोलता भलतंच काही बोलून जातो. तळहात गरम लागतात, पायावर सूज असते. दोन्ही हात पुढे करून पंजे ताठ धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. घरात म्हणतात, वय झालं, अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून आणू.

सलाईननं यातलं काही सुटत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की अशी लक्षणं दिसतात, आणि हा वायू ऑक्सिमीटरला मुळीच कळत नाही. तो मोजायला मनगटाच्या धमनीतून रक्त काढावं लागतं. त्या तपासणीला एबीजी म्हणतात. अशा काही पेशंटना रात्री झोपताना घरी बायपॅप मशीन लावावं लागतं. ते काय करतं, कोणाला लागतं आणि वीज जाणाऱ्या, ४५ डिग्रीला तापणाऱ्या गावात ते चालवायचं कसं, ते पाहू.

आत गेलेली हवा बाहेर येत नाही

गावात ज्याला सरसकट दमा म्हणतात, त्यातल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा आजार सीओपीडी असतो. त्यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि टोकाचे वायुकोश फाटून सैल पडतात. बिडी हे मोठं कारण आहे, पण आपल्याकडे सगळं खापर बिडीवर फोडून चालत नाही. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीवर वीस-तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या, बिडीला कधी हात न लावलेल्या बायकांनाही सीओपीडी होतो, आणि बिडी ओढत नाहीत म्हणून त्यांची फुंकून करायची स्पायरोमेट्रीची तपासणी कोणी करतच नाही. वणी, बल्लारपूर, उमरेडकडच्या खाणींतली धूळ हेही एक कारण. जुन्या टीबीनं खराब झालेल्या फुप्फुसाचा आजार वेगळा, पण तोही पेशंटला शेवटी याच मशीनपर्यंत आणू शकतो.

अरुंद नळीतून हवा आत जाते, पण सोडताना नळ्या मिटतात आणि हवा आत अडकते. छाती कायम फुगलेली राहते. छाती आणि पोटाच्या मधला पडदा, म्हणजे श्वासपटल, त्यामुळे खाली दाबून सपाट होतं आणि त्याला जोर लावता येत नाही. मग माणूस मान आणि खांद्याचे स्नायू वापरून श्वास ओढतो. दिवसा हे कसंबसं निभतं. रात्री गाढ झोपेत, विशेषतः स्वप्नं पडतात त्या वेळी, हे मदतीचे स्नायू ढिले पडतात, श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड चढत जातो. सकाळची डोकेदुखी त्याचीच.

धमनीच्या रक्तात या वायूचा दाब एरवी ३५ ते ४५ मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो. सीओपीडीच्या पेशंटमध्ये तो हळूहळू ५५, ६० वर जातो आणि शरीर त्याची सवय करून घेतं. सर्दी-खोकला छातीत उतरला, न्यूमोनिया झाला की तो एकदम उसळतो, रक्त आम्लधर्मी होतं आणि पेशंट गुंगीत जातो.

मग ऑक्सिजन वाढवायचा का? पुष्कळ घरं इथेच फसतात. हातात कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, आहे म्हणून मिनिटाला दोनचा पाच लिटर केला की आकडा ९७ होतो, घरच्यांना बरं वाटतं आणि पेशंट शांत झोपी जातो. ती झोप नसते. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही, तिथला रक्तपुरवठा शरीर आपणहून कमी करून ठेवतं. जास्तीचा ऑक्सिजन ही सोय मोडतो, रक्त पुन्हा त्या निकामी भागातून फिरायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न टाकताच परत येतं. शिवाय ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवत नाही, आणि श्वास घेण्याची मेंदूची घाईही थोडी मंदावते. म्हणून कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या पेशंटचं ऑक्सिमीटर ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं असतं. ९७ हा त्याच्यासाठी चांगला आकडा नाही.

चढावर बैल थकले की बंडीपुढे वैरण टाकून बंडी वर जात नाही. कोणीतरी मागून खांदा लावावा लागतो. बायपॅप हा मागून लावलेला खांदा. ऑक्सिजन लागतो तिथे लागतोच, पण थकलेल्या स्नायूंचं काम तो करत नाही.

मशीनचे दोन दाब

बायपॅपच्या डब्यात एक पंखा असतो. तो खोलीतलीच हवा ओढतो आणि नळीतून, मास्कमधून दाबानं देतो. घशात नळी घालावी लागत नाही, मान कापावी लागत नाही. पेशंट श्वास घ्यायला लागला की मशीन दाब वाढवतं, सोडायला लागला की कमी करतं. वरच्या दाबाला आयपॅप म्हणतात, खालच्याला ईपॅप. मोजमाप सेंटिमीटर पाण्यात.

कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्याचं काम करतो तो या दोन दाबांमधला फरक. आयपॅप १२ आणि ईपॅप ६ असेल तर फरक फक्त ६. आयपॅप २२ आणि ईपॅप ५ असेल तर १७. पहिल्या पेशंटला चेहऱ्यावर वारा लागतो, आवाज येतो, बिल भरलेलं असतं आणि रक्तातला आकडा जागचा हलत नाही. सुरुवात १० किंवा १२ वर करावीच लागते, कारण एकदम जास्त दाब कोणाला सोसत नाही. पण काही दिवसांत तो दोन-दोननं वाढवत १८ ते २५ च्या घरात न्यावा लागतो. सवय व्हावी म्हणून ठेवलेल्या कमी दाबावर मशीन वर्षभर तसंच चालू राहिलेलं असणं, हा घरच्या बायपॅपमधला सगळ्यात नेहमीचा घोळ आहे.

ईपॅप साधारण ४ ते ६. तो ४ च्या खाली नेत नाहीत, कारण पेशंटनं सोडलेली हवा मास्कच्या छिद्रांतून बाहेर ढकलायला तेवढा दाब लागतोच. अडकलेल्या हवेमुळे पेशंटला श्वास सुरू करायला जे जास्तीचं बळ लावावं लागतं, तेही ईपॅप थोडं वाचवतो.

आणखी दोन आकडे कागदावर असावेत. पेशंटचा श्वास मंदावला तर मशीननं मिनिटाला किमान किती श्वास द्यायचे, तो एक. बहुधा १२ ते १६. दुसरा, श्वास आत देण्याचा वेळ. सीओपीडीत तो ०.८ ते १.२ सेकंद, म्हणजे मुद्दाम कमी, कारण या पेशंटला सोडायला वेळ जास्त हवा. हे चारही आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मशीनला चिकटवून ठेवा. दुकानातला माणूस घरी येऊन 'सेटिंग करून देतो' म्हणाला, तर तो या कागदाप्रमाणे करतोय ना, ते बघा.

खरेदीतला एक घोटाळा आधीच सांगतो. सीपॅप आणि बायपॅप दिसायला सारखेच डबे. सीपॅप एकच दाब देतं आणि ते घोरण्याच्या, झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी असतं. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या सीओपीडीला ते पुरत नाही. चिठ्ठीवर 'बायपॅप एसटी' लिहिलं असेल तर एसटीच घ्या. ठरलेले किमान श्वास आपणहून देण्याची सोय त्याच प्रकारात असते. पहिला महिना भाड्यानं आणून पाहिलेलं उत्तम.

कोविडनंतर जुनी मशिनं स्वस्तात फिरताहेत. फिलिप्स कंपनीनं जून २०२१ मध्ये २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेली आपली बरीच सीपॅप, बायपॅप मशिनं परत मागवली होती, कारण आवाज कमी करायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. जुनं मशीन घेताना बनावटीची तारीख आणि सीरियल नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोणाला घरी लावायचं

दवाखान्यातला बायपॅप आणि घरचा बायपॅप यांचे निकष वेगळे आहेत. दवाखान्यात आजार उसळल्यावर, औषधं आणि नेब्युलायझर देऊनही रक्ताचा पीएच (रक्त किती आम्लधर्मी, त्याचं माप) ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर राहिला तर तो लगेच लावतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ८५ पेशंटच्या अभ्यासात नुसत्या औषधोपचारांवर ठेवलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना घशात नळी घालावी लागली. मास्क लावलेल्यांपैकी २६ टक्क्यांना. तिथे वाद उरलेला नाही.

घरासाठी मात्र थोडं थांबून ठरवावं लागतं. नेदरलँड्समधल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दवाखान्यातून निघतानाच मशीन दिलं, तर विशेष फरक पडला नाही, कारण पुष्कळांचा कार्बन डायऑक्साइड काही आठवड्यांत आपोआपच उतरतो. इंग्लंडमधल्या २०१७ च्या अभ्यासात दोन ते चार आठवडे थांबले, पुन्हा एबीजी केली आणि ज्यांचा आकडा तरीही ५३ च्या वर राहिला त्यांनाच घेतलं. वर्षभरात पुन्हा भरती किंवा मृत्यू, नुसत्या ऑक्सिजनवर ८०.४ टक्के; ऑक्सिजन आणि मशीन दोन्हींवर ६३.४ टक्के. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या २०१४ च्या अभ्यासात पेशंटची तब्येत स्थिर असताना मशीन सुरू केलं आणि दाब वाढवत नेऊन कार्बन डायऑक्साइड किमान २० टक्क्यांनी किंवा ४८ च्या खाली आणला. वर्षभरातले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. म्हणजे मशीन योग्य वेळी, योग्य पेशंटला आणि पुरेशा दाबानं लागलं तर आयुष्य वाढतं. नुसतं विकत घेऊन कोपऱ्यात ठेवलं, किंवा रात्री दोन तास लावलं, तर नाही. रोज किमान पाच तास धरा. सहा-सात झाले तर अधिक चांगलं.

एबीजी प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही. नमुना अर्ध्या तासाच्या आत मशीनवर लागावा लागतो, त्यामुळे रक्त इथे काढून तिकडे पाठवू हा मार्गही बंद. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत किंवा सेवाग्रामला छातीरोग विभागात पेशंटलाच न्यावं लागतं. जाण्याआधी तालुक्याच्या लॅबमध्ये रक्तातलं बायकार्बोनेट होत असेल तर करून घ्या. ते २७ च्या वर असेल तर आत कार्बन डायऑक्साइड बरेच दिवस साठतोय, अशी शंका घ्यायला जागा आहे. लठ्ठ, जोरात घोरणाऱ्या पेशंटमध्ये झोपेत श्वास अडकतो का, तेही बघायला सांगा; तसं असेल तर ईपॅप वाढवावा लागतो.

शुद्धीवर नसलेला, सारख्या उलट्या होणारा, बेडका खोकून काढू न शकणारा किंवा स्वतःच्या हातानं मास्क काढू न शकणारा पेशंट घरच्या बायपॅपवर ठेवायचा नाही.

मास्क: निम्मं यश इथे

मशीन कोणत्या कंपनीचं, यापेक्षा मास्क नीट बसला का, हे कितीतरी महत्त्वाचं. बहुतेकांना सुरुवातीला नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागतो, कारण झोपेत तोंड उघडतं आणि दाब तिथून निसटतो. तोंड मिटून झोपणाऱ्याला आणि नाक मोकळं असलेल्याला नुसत्या नाकाचा मास्क जास्त सोसतो.

माप घेताना मोठा मास्क घेण्याचा मोह होतो, तो टाळा. बसून मास्क बरोबर वाटतो आणि आडवं झालं की गालांचा आकार बदलून गळायला लागतो, म्हणून तो आडवं झोपवून, मशीन चालू ठेवून बसवायचा. पट्ट्याखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गळती झाली की घरचे पट्टे आवळतात. त्यानं मास्कच्या कडेच्या मऊ गादीला घड्या पडतात आणि गळती वाढते. आधी पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यावरून थोडा उचला, गादी हवेनं फुगू द्या, मग परत टेकवा. झोपण्याआधी चेहऱ्याचं तेल साबणानं धुऊन टाका. दाढी वाढलेली असेल तर कोणताही मास्क गळणारच. कवळी घट्ट बसत असेल तर घालूनच झोपवा, नाहीतर गाल आत जातात.

हवा डोळ्यांकडे जात असेल तर डोळे लाल होतात, चुरचुरतात. नाकाच्या हाडावर लाल वण उठला आणि मास्क काढून अर्ध्या तासानंतरही गेला नाही, तर जखम होणार समजा. तिथे हायड्रोकोलॉइडची (कातडी जपणारी मऊ, चिकट) पट्टी लावा, वरचे पट्टे सैल करा. जखम झालेल्या नाकावर कोणीही मास्क घालत नाही, आणि मशीन तिथेच सुटतं.

मास्कवर किंवा नळीच्या तोंडाशी बारीक छिद्रं असतात. त्यातून हवा सुसू करत बाहेर येते. ती गळती नव्हे. पेशंटनं सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच जातो. आवाज येतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली तर पेशंट आपलाच श्वास परत परत घेत राहील. याच कारणानं दवाखान्यात भरती असताना मिळालेला छिद्रं नसलेला मास्क घरच्या एका नळीच्या मशीनला जोडायचा नाही.

आता खर्रा. तोंडात खर्रा किंवा सुपारी ठेवून झोपायची सवय असलेल्यांची आपल्याकडे कमी नाही. मास्क लावल्यावर दाबाच्या हवेबरोबर तो चोथा सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतो. चूळ भरून, तोंड रिकामं असल्याची खात्री करूनच मास्क. जेवण आणि मास्क यांत दोन तास जाऊ द्या. भरल्या पोटी हवा पोटात जाऊन पोट फुगतं आणि उलटी होऊ शकते. मास्कखाली उलटी झाली तर मास्क क्षणात निघाला पाहिजे. म्हणून मास्कची क्लिप अंधारात, एका हातानं काढायचा सराव पेशंटकडून आणि त्याच्याजवळ झोपणाऱ्याकडून करून घ्या.

पहिल्याच रात्री सात तास लावायला जाऊ नका. दिवसा, बसलेलं असताना, पट्टे न बांधता पेशंटनं स्वतः मास्क हातानं चेहऱ्याशी धरावा, पंधरा-वीस मिनिटं. दोन-तीन दिवसांत पट्टे बांधून तासभर. मग दुपारची झोप, मग रात्र. जीव घुसमटतो असं पेशंट म्हणाला तर बहुधा दाब लागतोय त्यापेक्षा कमी आहे किंवा मशीन त्याचा श्वास ओळखत नाहीये. डॉक्टरांना ते तसंच सांगा. 'हळूहळू होईल सवय' म्हणून सोडून देऊ नका.

ऑक्सिजन जोडायचा असेल तर

कॉन्सन्ट्रेटरची बारीक नळी मास्कवरच्या किंवा मशीनपाशी लावलेल्या छोट्या तोटीला जोडतात. किती लिटर, ते डॉक्टर ठरवतील, सहसा १ ते ३. आधी बायपॅप सुरू, मग ऑक्सिजन. बंद करताना उलट: आधी ऑक्सिजन, मग बायपॅप. उलटं झालं तर बंद मशीनच्या आत ऑक्सिजन साठतो आणि आगीचा धोका होतो. चूल, देवापुढचा दिवा, उदबत्ती, बिडी किमान दहा फूट लांब. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नका; पाण्यात विरघळणारं जेल मिळतं, ते वापरा.

कोविडमध्ये घेतलेला आणि मधली वर्षं पलंगाखाली पडलेला कॉन्सन्ट्रेटर असेल तर आधी त्याची शुद्धता मोजून घ्या. आतल्या झिओलाइटला, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या पदार्थाला, दमट हवा लागली की तो खराब होतो. मग काचेच्या नळीतला गोळा पाच लिटरच्या खुणेवर तर दिसतो, पण येणाऱ्या हवेत ऑक्सिजन पुरेसा नसतो. मीटरवर ९० टक्क्यांच्या आसपास यायला हवा.

वीज

मशीन घ्यायच्या आधी सोडवायचा प्रश्न हाच. पावसाळ्याच्या तोंडाशी वादळात तार तुटते, डीपी जळते, आणि नवी डीपी येईपर्यंत दिवस जातात.

हिशोब सोपा आहे. बायपॅप साधारण ४० ते ६० वॅट खातं, पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद असेल तर. ६० वॅटनं आठ तास म्हणजे ४८० वॅट-तास. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. पण ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, तेव्हा हाताशी ९०० धरा. एक रात्र आरामात निघते, दुसरीही कदाचित. पण त्याच इन्व्हर्टरवर ७५ वॅटचा पंखा रात्रभर चालला तर ६०० त्यानंच संपवले. उन्हाळ्यात पंखा बंद करता येत नाही, हेही खरं; तिथे ३० वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा घेणं शहाणपणाचं. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. साध्या स्क्वेअर वेव्हवर मशीन गुणगुणतं, तापतं, कधी चालूच होत नाही.

कॉन्सन्ट्रेटरची गोष्ट वेगळी. पाच लिटरचं मशीन ३५० वॅटच्या आसपास खातं. आठ तासांना २८०० वॅट-तास. घरचा एक बॅटरीचा इन्व्हर्टर ते ओढू शकत नाही. त्याला पर्याय म्हणजे भरलेलं बी टाइप सिलेंडर, रेग्युलेटरसह. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १ लिटरनं वीस-बावीस तास, २ लिटरनं दहा-बारा तास धरा. पाना कुठे ठेवला आहे, हे घरात निदान दोघांना माहीत हवं.

व्होल्टेज कमी-जास्त होतं त्याचं काय? बायपॅपचा अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तो खाली लिहिलेला असतो. स्टॅबिलायझर लागतो तो कॉन्सन्ट्रेटरला. दोन्हींना तीन पिनांचं सॉकेट आणि खरी अर्थिंग हवी. विजा कडकडायला लागल्या तर मशीन बॅटरीवर घ्या.

वीज गेली आणि मशीन थांबलं तर पहिलं काम: मास्क काढा. मोठ्या मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा घेऊ देणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर पेशंटला झोपू द्यायचं नाही. पेशंटला उशांना टेकवून बसवा, ऑक्सिजन लागत असेल तर सिलेंडरवरून नाकाच्या नळीनं, ८८ ते ९२ पाहून. एखादी रात्र मशीनविना गेली तर तब्येत स्थिर असलेल्या पेशंटचं लगेच बिघडत नाही. सर्दी-ताप असताना मात्र बिघडतं.

ऊन, कूलर, धूळ

बहुतेक मशिनं ३५ ते ४० डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी बनलेली असतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त असतं. मशीन गादीवर, गोधडीखाली किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका; स्टुलावर, चारी बाजूंनी मोकळं. कूलर जरूर लावा, पण मशीनचं हवा ओढायचं तोंड कूलरच्या झोतात नको, तुषार आत जातात. कूलरच्या ताट्या आणि टाकी जुनी, कुबट वासाची असेल तर तीच हवा दाबानं फुप्फुसात जाते. हंगामाच्या सुरुवातीला ताट्या बदला.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच. बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर चढतो. पाणी रोज बदलायचं. हिवाळ्यात नळीत थेंब साचून गुडगुड आवाज येतो. मशीन खाटेपेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी पेशंटकडे न जाता परत फिरेल, आणि नळीवर कापडाची पिशवी चढवा.

मास्कची गादी रोज सौम्य साबणानं, नळी आणि पट्टे आठवड्याला एकदा. सगळं सावलीत वाळवायचं. उन्हात सिलिकॉन कडक होतं. जाड फिल्टर आठवड्याला धुवायचा, पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. पांढरा बारीक फिल्टर धुवायचा नसतो, महिन्याला बदलायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कापसाची गंजी असेल तर पंधरा दिवसांतच तो काळा पडलेला दिसेल. चुलीच्या खोलीत हे मशीन चालवण्यात काही अर्थ नाही.

गाडी अडते कुठे

मशीन रोज लावूनही सकाळचं डोकं दुखणं थांबत नसेल, तर आधी स्क्रीनवर दोन गोष्टी पाहा: वापराचे तास आणि गळती. काही मशिनं छिद्रांतून मुद्दाम जाणारी हवा वजा करून गळती दाखवतात, तिथे मिनिटाला २४ लिटरच्या आत चालतं. काही एकूण दाखवतात, तिथे आकडा मोठाच दिसणार. तुमचं कोणतं, ते विक्रेत्याला विचारून घ्या. दोन्ही ठीक असतील तर दाब कमी पडतोय, एबीजी करून वाढवायला हवा. पोट फुगणं, ढेकर हे जास्त दाबाचे किंवा जेवून लगेच झोपल्याचे त्रास. पेशंटची छाती हलते पण मशीन त्याबरोबर हवा देत नाही, असं बाजूला बसून दिसलं तर मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. सांगण्यापेक्षा त्यात जास्त कळतं.

झोपेची गोळी, कोडिनचं खोकल्याचं औषध आणि दारू, मग ती मोहाची का असेना, या तिन्हींनी श्वास मंदावतो. 'मशीन आहे ना' म्हणून त्यांतलं काही चालत नाही. इनहेलर मात्र चालूच; मास्क लावण्याआधी स्पेसरनं घ्यायचा.

पेशंट हाक मारल्यावर नीट जागा होत नाही, बरळतो, ओठ निळे पडलेत, एक वाक्य सलग बोलता येत नाही, बेडका पिवळा-हिरवा होऊन ताप आहे, किंवा छातीत एका बाजूला अचानक दुखून धाप वाढली: यांतलं काहीही दिसलं तर दाब वाढवत बसू नका, १०८ ला फोन करा. छातीत अचानक दुखणं फुप्फुस फुटल्याचं असू शकतं, आणि त्यात मशीनचा दाब नुकसान करतो. तेव्हा मास्क काढून ठेवा आणि अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगा.

एक चिठ्ठी कायम पेशंटच्या उशाशी असू द्या: 'सीओपीडी. कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजन ८८ ते ९२ मध्येच ठेवा. घरी बायपॅप.' खाली सेटिंगचे चार आकडे आणि शेवटच्या एबीजीची तारीख. अॅम्ब्युलन्समध्ये घाईत मोठा ऑक्सिजन लावला जातो, तेव्हा ही चिठ्ठी बोलते. पिशवीत मशीन, अॅडॅप्टर, पेशंटचा स्वतःचा मास्क, इनहेलर, जुने रिपोर्ट, महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार. मास्क घरी विसरू नका. दवाखान्यात मापाचा मिळेलच असं नाही, आणि पेशंटला तोच सवयीचा असतो.